कूलर बंद पडला आणि 'कौन' सुरू झाला : एक घर, तीन माणसं आणि दारावरची थाप

चोपड्याचा_पाहुणा · रात्री १:१२

झोप येत नाहीये म्हणून धागा काढतोय. आखाजीसाठी (अक्षय तृतीया) बायको पोरांना घेऊन माहेरी शिरपूरला गेली, घरात मी एकटा, बाहेर साडेदहाला पण भट्टीसारखी वाफ. असं रिकामं घर वर्षातून एकदा मिळतं म्हणून जेवण उरकून लॅपटॉपवर 'कौन' लावला. १९९९ चा, राम गोपाल वर्माचा. उर्मिला मातोंडकर, मनोज वाजपेयी, सुशांत सिंग, बास एवढेच. एक बंगला, बाहेर धो धो पाऊस, गाणं एक नाही. मनोज वाजपेयी दाराबाहेर उभा राहून मल्होत्रा साहेबांचं घर हेच का म्हणून विचारतो आणि मग जायचं नावच घेत नाही, भिजतोय, हसतोय, लाडीगोडी लावतोय, आणि ही आतून बघतेय.

नेमक्या त्या सीनला लाईट गेली.

आता आमचा कूलर म्हणजे पत्र्याचा, इथल्याच एका कारागिराकडून बनवून घेतलेला, तो चालू असला की शेजारी लग्नाची वरात गेली तरी कळत नाही. तो बंद पडला आणि घर एकदम असं गप्प झालं की कानात कुईं व्हायला लागलं. लॅपटॉप बॅटरीवर, त्यात पिक्चरमधला पाऊस चालू. आणि वर स्लॅबवर पावलं. एक, दोन, मग फरफटल्यासारखा आवाज, मग परत पावलं. मी पॉज केलं. पावलं थांबली नाहीत म्हणजे ती पिक्चरमधली नव्हती. मग जिन्याच्या दाराची कडी वाजली.

मी भरीत ठेचायचा लाकडी दांडा घेऊन जिन्याखाली उभा, पाय लटपटतायत, आणि वरून आवाज, "कोन शे रे घरमा? माले वाटनं तुम्ही बठ्ठा गयात!"

शेजारच्या काकू. त्यांच्या गच्चीवर झाडाची सावली येते म्हणून कुरडया आमच्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या, वारं सुटलं तशी कठड्यावरून पाय टाकून आल्या. मला दांडा घेऊन उभा पाहिल्यावर त्याच दचकल्या.

तर प्रश्न असा. असले घरात घुसण्याचे पिक्चर आपल्याकडच्या घरात चालतील का? जिथे काकू रात्री अकराला कठड्यावरून येते तिथे भीती कशाची दाखवणार? आणि दुसरं, आज मला अंधाराची भीती वाटलीच नाही. कूलर चालू असताना मी किती वेळ काहीच ऐकत नव्हतो याची वाटली.

---

लोकोशेड_भुसावळ · रात्री १:३०

कुरडया वाचल्या का ते सांग आधी.

---

चोपड्याचा_पाहुणा · रात्री १:३४

वाचल्या. सकाळी डबाभर आणून पण दिल्या. दांड्याबद्दल काकांना सांगू नको म्हणालो तर गल्लीभर झालंय.

---

पहिला_शो_जळगाव · सकाळी ७:५०

भो मस्त धागा काढला. या प्रकारातले बरेच बघून झालेत म्हणून जरा लांबवतो.

असे पिक्चर उभे राहतात ते घराच्या नकाशावर. पहिल्या वीस मिनिटांत बघणाऱ्याला कळलं पाहिजे की जिना कुठे, फोन कुठे, मागचं दार कुठे उघडतं. ते कळलं नाही तर नंतरची पळापळ नुसती पळापळ वाटते. फिंचरचा 'पॅनिक रूम', २००२ चा, तो बघा. घर भाड्याने घेतलं नाही, अख्खा चार मजली सेट बांधला स्टुडिओत, आणि कॅमेरा कुलपाच्या भोकातून, कॉफीच्या भांड्याच्या कानातून आरपार जातो, अर्थात कॉम्प्युटरची मदत घेऊन. लोक त्याला स्टाईल म्हणतात, पण त्याचं काम वेगळं आहे, तो आपल्याला घर पाठ करून देतो. आणि कथेतली गाठ किती घट्ट बघा, मायलेकी ज्या पोलादी खोलीत लपतात, चोरांना हवा असलेला पैसा नेमका त्याच खोलीत. चोर बाहेर जाऊ शकत नाहीत आणि या बाहेर येऊ शकत नाहीत, त्यात पोरीला डायबेटिस आणि इंजेक्शन खोलीबाहेर.

दुसरा 'वेट अंटिल डार्क', १९६७. ऑड्री हेपबर्न आंधळी आहे, घरात तीन बदमाश येतात एका बाहुलीसाठी, बाहुलीत हेरॉईन. ही काय करते तर घरातले सगळे बल्ब फोडते, आता अंधारात दोघं सारखेच. फक्त फ्रीजचा दिवा विसरते! अमेरिकेत थेटरवाल्यांनी शेवटच्या आठेक मिनिटांत थेटरातले दिवे पण कायद्यात बसेल तेवढे कमी केले होते म्हणे, म्हणजे बघणारा पण त्याच घरात.

आपल्याकडे 'इत्तेफाक' होताच, १९६९, यश चोप्रा, राजेश खन्ना आणि नंदा. त्यात पण गाणं नाही. तो मूळ गुजराती नाटकावरून आला. हा प्रकारच मुळात रंगमंचाचा आहे, एक सेट, एक रात्र.

---

तिसरी_घंटा · सकाळी ९:०५

वरच्या शेवटच्या ओळीला मम.

राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर किती वर्षं पडदा ओढलाय विचारू नका. एका खोलीतलं नाटक लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला मी एकच प्रश्न विचारतो, हा माणूस दार उघडून निघून का जात नाही? तेवढं उत्तर नसेल तर दुसरा अंक नाही. बाहेर जायच्या वाटा एकेक करून बुजवाव्या लागतात आणि बुजवताना हातोड्याचा आवाज आला नाही पाहिजे. 'पॅनिक रूम'मध्ये त्या खोलीचा वेगळा फोन असतो पण तो जोडायचाच राहिलेला असतो, कारण त्या त्याच दिवशी राहायला आल्यात. हे पटतं. घर बदललेल्या कोणालाही पटेल.

आमची पोरं काय लिहितात, 'मोबाईलला रेंज नाही'. का नाही? तर माहीत नाही.

---

लोकोशेड_भुसावळ · सकाळी ९:२०

घंटाबुवा, आपल्याकडे रेंज नाही याला कारण द्यावं लागतं का? लाईट गेली की अर्ध्या तासात टॉवर झोपतो. हे खान्देशात पात्राच्या तोंडी घालायची पण गरज नाही, प्रेक्षक स्वतःच मान हलवेल.

---

वरणगावची_मी · दुपारी २:४०

पोरं शाळेतून यायच्या आधी लिहून घेते.

तुम्ही सगळे पुरुष आहात म्हणून कॅमेरा आणि नकाशा चाललंय. मी सांगते भीती कशी असते. माझ्या नवऱ्याची आठवड्याआड नाईट. कॉलनीत लागून लागून क्वार्टर, भिंतीपलीकडे कोण खोकलं ते कळतं. इथे लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या वर्षी मला झोप लागायची नाही, मग हळूहळू आवाज पाठ झाले. दोनला गाडी जाते, साडेतीनला पाण्याची मोटर, पाचला दूधवाला. पाठ झालेले आवाज म्हणजेच घर. त्यामुळे पाहुण्याच्या (चोपड्याच्या) कूलरचा मुद्दा शंभर टक्के पटला. मी आजही नाईट असली की कूलर लावत नाही, ४५ डिग्रीत घाम पुसत झोपते पण लावत नाही. नवऱ्याला वाटतं लाईटबिल वाचवते.

आणि 'कौन'बद्दल. पिक्चर चांगला आहे, पण असल्या नव्वद टक्के पिक्चरमध्ये बाई एकटी, बाई घाबरली, बाई ओरडली, बाई वरच्या मजल्यावर पळाली (वर का पळतात माहीत नाही, आम्ही ओट्यावर पळू, तिथे चार जणी बसलेल्या असतात). मला आवडला तो 'हश', २०१६ चा. लेखिका आहे, जंगलाकडेला एकटी राहते आणि तिला ऐकू येत नाही. तिचं काम करणारी केट सीगल हिनेच नवऱ्यासोबत लिहिलाय. खुनी काचेपलीकडे उभा आहे, हिची पाठ, आणि आपल्याला आवाज येतोय पण तिला नाही. मध्येच सगळा आवाज बंद करतात, तेव्हा आपण तिच्या डोक्यात. कूलरवाला प्रसंग हाच की हो. ती ओरडत बसत नाही, हिशोब करते. असं केलं तर असं होईल, तसं केलं तर मरेन. घर चालवणाऱ्या बाईचं डोकं असंच चालतं.

---

केळीबाग_रावेर · दुपारी ३:१५

ताई एक नंबर. आमच्याकडे रात्री दारावर थाप पडली तर आधी बिबट्याचा विचार येतो पण बिबट्या थाप मारत नाही म्हणून दार उघडतो 😀

---

पहिला_शो_जळगाव · दुपारी ४:००

@वरणगावची_मी, ओट्याचा मुद्दा भारी. पण तोच तर प्रश्न आहे ना. ओटा आहे, गल्ली आहे, उन्हाळ्यात अर्धं गाव गच्चीवर नाहीतर अंगणात खाटेवर. घुसणार कुठे? अमेरिकेत पिक्चर चालतो कारण शेजारचं घर अर्धा मैल लांब.

---

वरणगावची_मी · दुपारी ४:२५

घुसायला कशाला पाहिजे? आपण बोलावतो. 'फनी गेम्स' बघितलाय का, १९९७, हानेकेचा, त्यानेच २००७ ला अमेरिकेत परत तसाच्या तसा काढला. पांढरे हातमोजे घातलेली दोन गोड पोरं येतात. काय मागायला? अंडी! शेजारणीने पाठवलं म्हणे. बाई देते, तो पाडतो, परत मागतो, ही परत देते. तरी तो माणूस जात नाही. दार फोडलं नाही काही नाही. अख्खा पिक्चर मला नीट बघवला नाही पण ती अंड्यांची दहा मिनिटं मी विसरत नाही.

आता अंड्यांच्या जागी विरजण घाला. 'काकू थोडं विरजण आहे का, आईने पाठवलंय.' तुमच्यापैकी कोण नाही म्हणेल? भांडं हातात घेऊन आत पण बोलवाल, आणि वर पाणी घेतो का बाळा विचाराल.

---

तिसरी_घंटा · दुपारी ४:४०

अंगावर काटा आला. ही एकांकिका मी घेतो, लिहा कोणीतरी.

---

कपाशी_एरंडोल · रात्री ८:३०

शेतातून आलो, धागा वाचला, राहवत नाही म्हणून लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही म्हणता गल्लीत गर्दी असते. उन्हाळ्यात असते. हिवाळ्यात येऊन बघा. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गावातला बाप्या माणूस बाराला शेतात, हरभऱ्याला गव्हाला पाणी भरायला, सकाळी येतो. डिसेंबर जानेवारीत आमच्या गल्लीत रात्री घरात कोण तर म्हातारी, बाई, पोरं. दारं बंद, थंडी, कुत्रे सोडले तर कोणी नाही. आणि हे वेळापत्रक सगळ्यांना माहीत असतं, गुपित नाही काही. चोराला पाळत ठेवायची पण गरज नाही.

आणि त्याच दिवसात घरात कापूस भरलेला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेचून आणला की भावाची वाट बघत घरातच भरतात. २०२२ ला दहा हजाराच्या वर क्विंटल गेला ना, त्याची चटक लागली सगळ्यांना, पुढच्या वर्षी त्या आशेवर गावंच्या गावं कापूस धरून बसली आणि भाव खाली आला. मी पण बसलो होतो. तीस क्विंटल पुढच्या खोलीत, पार वरच्या आढ्यापर्यंत, आम्ही दोघं नि पोरं मागच्या खोलीत नि स्वयंपाकघरात. एप्रिलपर्यंत. कापसातले किडे चावून सगळ्यांच्या अंगाला खाज.

आता तुमच्या पिक्चरला सांगतो. कापसाने भरलेल्या खोलीत आवाज मरतो. पोरगं त्या खोलीत रडलं तर स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, आम्ही अनुभवलंय, एकदा धाकटा ढिगात उडी मारून रुतला होता आणि आई दोन हातावर पोळ्या लाटत होती, तिला पत्ता नाही. त्यात माणूस लपू शकतो. पण जास्त वेळ नाही, गुदमरतो आणि खाज सुटते, हलला की वरून ढीग घसरतो. चालला तर खड्डे उमटतात, कोण कुठून गेलं ते दिसतं. कोयता पडला तर आवाज नाही. आणि काडी ओढायची नाही! लाईट गेली तरी दिवा लावता येत नाही, मेणबत्ती नाही, बिडी नाही. एक ठिणगी आणि वर्षाची कमाई आणि माणसं सगळं गेलं. घुसणारा आला तरी तो पण काडी ओढू शकत नाही कारण त्याला कापूसच पाहिजे असेल तर? नाहीतर त्याच्या हातात नुसती काडीपेटी आहे, दुसरं हत्यार नाही, आणि तेवढंच पुरतं.

---

पहिला_शो_जळगाव · रात्री ८:४४

...

मी पाच मिनिटं झाली हेच परत परत वाचतोय. 'हातात नुसती काडीपेटी'. भाऊ तुम्ही शेती कशाला करता.

---

कपाशी_एरंडोल · रात्री ८:५०

तेच बायको विचारते.

---

काळाकोट_धुळे · रात्री ९:३०

वकिली आडवी आणतो, माफी असावी. पुढे कोणीतरी दरोडा शब्द वापरणार असं दिसतंय म्हणून आधीच सांगतो, पाच किंवा जास्त माणसं असली तरच कायद्यात दरोडा. चार असले तर जबरी चोरी. म्हणजे तुमच्या तीन पात्रांच्या पिक्चरमध्ये दरोडा बजेटमध्येच बसत नाही.

आणि दांड्याबद्दल. पाहुणे, काकूंना दांडा लागला असता तर तुम्ही माझ्याकडे आला असता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, त्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. सूर्यास्तानंतर सूर्योदयाआधी घरफोडी होत असेल तर मालमत्तेच्या बचावासाठी टोकाला जाण्याचा हक्क कलम ४१ मध्ये आहे, जुन्या आयपीसीत १०३ होतं. पण कलम ३७ च्या मर्यादेत. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. पिक्चरमध्ये शेवटी हिरॉईन पडलेल्या माणसाला अजून दहा वेळा मारते ना, लोक शिट्ट्या मारतात, मी मनात आरोपपत्र लिहितो. तो पडला, हालचाल बंद झाली, तिथून पुढे बचाव नाही.

---

लोकोशेड_भुसावळ · रात्री ९:३८

वकीलसाहेबांना घेऊन पिक्चर बघायला जाऊ नये.

---

साक्रीकर · रात्री १०:५५

मी इथे फार लिहीत नाही. दिवसभर वाचतोय, सगळे दाराच्या आतून लिहितायत.

राईनपाडा आमच्या तालुक्यात. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. पाच माणसं आली, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारी. व्हॉट्सॲपवर त्या दिवसात पोरं पळवणारी टोळी फिरतेय म्हणून काय काय येत होतं, खोटं सगळं. लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं. पाचही.

एक खोली, एक दार, आत पाच अनोळखी, बाहेर गाव. तुम्ही म्हणता तोच प्रकार आहे. फक्त आत कोण घाबरलेलं होतं ते बघा.

मला या पिक्चरांचा राग नाही, मी पण बघतो. पण ज्या दिवसात ते मेसेज फिरत होते तेव्हा आमच्या घरात पण आई म्हणत होती दार लावून घे, कोणी मागायला आलं तर उघडू नको. मी लावून घेतलं होतं. आमच्या दारावर आलेल्या माणसाचं पुढे काय झालं मला माहीत नाही, तो दुसरा कोणी असेल, साधा मागणारा असेल. पण ती थाप मला अजून आठवते आणि मी आतून गप्प बसलो होतो.

---

चोपड्याचा_पाहुणा · रात्री ११:४०

साक्रीकर, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

आता ज्यांनी 'कौन' बघितला नाही त्यांनी इथून पुढे वाचू नका, शेवट सांगतोय. २५ वर्षांपेक्षा जास्त झाली त्याला त्यामुळे शिव्या घालू नका.

मी त्या रात्री काकू गेल्यावर लाईट आली तेव्हा उरलेला पिक्चर बघितला. शेवटी कळतं की धोका दाराबाहेर नव्हता. जी आतून थरथर कापत दार लावत होती तीच मारेकरी. ते दोघं आले, ओले, आगाऊ, चोर म्हणा भामटे म्हणा, पण मेले ते. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं ही नुसती चलाखी, शेवटी धक्का द्यायचा म्हणून. आता परत बघताना दिसलं की आपण पूर्ण वेळ तिच्या बाजूने का होतो, कारण कॅमेरा दाराच्या आत होता. एवढंच कारण. ती कोण, काय, घर तिचं आहे की नाही, आपण एकदाही विचारत नाही.

आणि मी जिन्याखाली दांडा घेऊन उभा होतो, वरून काकू येत होती, आणि माझ्या डोक्यातल्या पिक्चरमध्ये हिरो मीच होतो.

---

पहिला_शो_जळगाव · रात्री ११:५८

हे मान्य. 'डोन्ट ब्रीद' पण असाच उलटा आहे, २०१६. तीन पोरं आंधळ्या म्हाताऱ्या सैनिकाच्या घरात चोरी करायला घुसतात, सोपं काम समजून. म्हातारा दिवे बंद करतो आणि घर त्याचं होतं. मग आपण चोरांच्या बाजूने श्वास रोखून. अर्ध्या तासात आपली बाजू बदलते आणि लाज पण वाटत नाही. (नंतर तळघरात जे निघतं ते मला जरा जास्त वाटलं, ते नसतं तरी चाललं असतं.)

---

केळीबाग_रावेर · रात्री १२:१०

साक्रीकर भाऊ, आमच्याकडे पण त्या पावसाळ्यात बागेत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांना लोक उगाच अडवायचे. बोलायला कोणी तयार नाही आता. लिहिलंत बरं झालं.

---

मोसमकाठ · सकाळी १०:१५

मालेगावहून सलाम. तुम्ही लोक दोन दिवस नुसतं बोलतायत, काढत का नाही? आमच्याकडे शेख नासिरने शोले काढला, सुपरमॅन उडवला, सायकलवर कॅमेरा, बैलगाडीची क्रेन, त्यावर डॉक्युमेंटरी झाली आणि जगभर बघितली गेली. तुमच्याकडे तर उडवायचं पण काही नाही. एक खोली, तीन माणसं, एक काडीपेटी. आजकाल मोबाईलवर होतं. फक्त आवाज चांगला पकडा, चित्र वाईट असलं तरी लोक बघतात, आवाज वाईट असला की बंद करतात. कपाशीवाल्या भाऊंच्या खोलीत तर फुकटात स्टुडिओ आहे, कापसापेक्षा चांगलं साऊंडप्रूफिंग विकत घ्यायला जा, घाम फुटेल.

---

तिसरी_घंटा · सकाळी १०:४०

मी तयार. पण दार कोणत्या बाजूने दाखवायचं ते आधी ठरवा. साक्रीकरांच्या पोस्टनंतर मला ते आतून दाखवता येणार नाही. माझ्या डोक्यात असं आलंय, पहिला अर्धा तास आत. रात्रपाळीची लाईट, नवरा शेतात, म्हातारी नि सून, कापूस. थाप पडते. बाहेरचा म्हणतो पाणी पाहिजे, रस्ता चुकलो. त्या उघडत नाहीत. मग मधूनच कॅमेरा बाहेर. तोच वेळ, तीच थाप, पण आता आपण ओट्यावर, थंडीत, दोन्ही हात दिसतायत, आणि मागून गल्लीच्या तोंडाशी बॅटऱ्या चमकायला लागल्यात कारण सुनेने फोन केलाय. आता त्याला आत जायचंय ते वाचायला.

---

वरणगावची_मी · सकाळी ११:०५

आणि तिने उघडायचं की नाही हे शेवटपर्यंत. ती काय करते ते मला विचारा, मी लिहून देते. फक्त ती ओरडणार नाही. आणि म्हातारी अहिराणीच बोलेल, तिला टीव्हीसारखं शुद्ध बोलायला लावू नका. 'कोन शे रे?' यात जी जरब आहे ती 'कोण आहे?' मध्ये नाही.

---

काळाकोट_धुळे · सकाळी ११:२०

सुनेने फोन पोलिसांना, ११२ ला लावावा. गल्लीला नाही. एवढी एक ओळ माझी घ्या. नंतर हवं तर गल्ली पण येऊ दे.

---

साक्रीकर · दुपारी १:००

बाहेरच्याच्या हातात काडीपेटी ठेवा. पण तो बिडी पिणारा आहे म्हणून. आतल्यांना माहीत नाही आणि आपल्याला पण पहिल्या अर्ध्या तासात कळू देऊ नका.

---

चोपड्याचा_पाहुणा · दुपारी १:२०

साक्रीकर 🙏 हे जमलं.

कपाशी भाऊ, खोली मिळेल का? आम्ही चार-पाच जण येऊ, दोन रात्रींचं काम. जेवणाचं आम्ही बघू, शेवभाजी सांगून ठेवू. लाईट, स्टँड सगळं बॅटरीवरचं आणू, गरम होणारं काही आत नेणार नाही, शब्द.

---

कपाशी_एरंडोल · रात्री ९:१०

खोली तुमचीच समजा. जेवण बायको करेल, कळण्याची भाकर नि भरीत, शेवभाजी कशाला विकत. पण आता खोली रिकामी आहे, कपाशी अजून लावायची आहे. वेचणी दिवाळीला सुरू, खोली वरपर्यंत भरायला डिसेंबर उजाडेल. जानेवारीत या, रात्रपाळीची लाईट पण तेव्हा, सगळं जुळतं.

एकच आहे. मधेच भाव चांगला आला तर मी विकणार, थांबणार नाही. तुमचा सेट ट्रॅक्टरवर बसून जिनिंगला गेला तर मला बोल लावू नका.

---

मोसमकाठ · रात्री ९:२५

म्हणजे प्रोड्युसरला आधी कापसाचा भाव पडावा अशी दुआ करावी लागणार?

---

कपाशी_एरंडोल · रात्री ९:३१

ती न करता पण पडतो. या तुम्ही जानेवारीत.